उतराई

आमच्या गोंदियाकडे दिवाळी येते ती धानाचा वास घेऊनच. शेतांत हलके धान पिवळे पडलेले असते, भारी धान अजून हिरवेगार डुलत असते. पाडव्याला गोवारी बांधव गाईगोधनासाठी नाचत-गात निघतात, आणि मग गावोगावी मंडई भरू लागतात. रात्रभर दंडार नाही तर नाटक रंगते. मंडईचे दिवस सरता सरता माझ्या दारात दर वर्षी तांदळाचे एक पोते येऊन पडते. गावाकडचा टेम्पोवाला ते ओसरीवर टाकतो, "दादानं पाठवलं" एवढेच म्हणतो आणि निघून जातो.

आज मला लिहायचे आहे ते एका ख्रिस्ती बाईविषयी आणि तिच्या धर्मातल्या एका लहानशा आज्ञेविषयी. परंतु ते पोते बाजूला सारून ही हकिकत सांगता येणार नाही.

पोते पाठवणारा माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा मी मॅट्रिकला, म्हणजे दहावीला होतो. पास झालो, पुढे शिकायची फार हौस होती. पण घरात पैसा नव्हता. "आता शेतीत हात लाव," असे दादा म्हणाला. मी शेतीत हात लावला नाही आणि कॉलेजातही गेलो नाही. शहरात येऊन एका लहानशा खाजगी शाळेत मुलांना बाराखडी शिकवू लागलो, रात्री जागून कादंबऱ्या लिहू लागलो. आमच्या धानाच्या बांध्या दादाकडेच राहिल्या. माझा वाटा मी कधी मागितला नाही, त्याने कधी दिला नाही. न मागितलेल्या गोष्टीचा राग मागितलेल्या गोष्टीच्या रागापेक्षा जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे.

त्यामुळे पोते आले की मी एक गोष्ट नेमाने करीत असे. बाजारात जाऊन तांदळाचा भाव विचारायचा, त्यात टेम्पोचे भाडे मिळवायचे आणि तेवढी रक्कम दादाला पाठवून द्यायची. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. अशी सतरा वर्षे गेली. दादाने ना कधी पैसे परत केले, ना कधी त्यांचा उल्लेख केला. मी कुणाच्या मिंधेपणात नाही, याचा मला अभिमान वाटे. माझ्या कादंबऱ्यांतले नायक असेच वागत आणि वाचकांना ते आवडे.

आता त्या बाईंविषयी. त्यांना सगळी आळी 'सिस्टर' म्हणते. त्या मूळच्या नगरकडच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, त्यांच्या बदलीबरोबर त्या गोंदियाला आल्या आणि इथेच राहिल्या. नर्स म्हणून निवृत्त झाल्या, यजमान वारले, मुलगा दूर गेला. घरात एक पलंग, एक हार्मोनियम, भिंतीवर साधा लाकडी क्रूस आणि अंगणात भरपूर झेंडू. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचे ताट येई. आई ते घेई, गोड हसे आणि सिस्टर वळल्या की ताट कामवालीला देऊन टाकी. हे सिस्टरना ठाऊक नव्हते, असे मला कितीतरी दिवस वाटत होते.

तीन वर्षांपूर्वी आईच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना, त्यात अनवाणी चालण्याची सवय. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, रोज धुऊन पट्टी बदलली पाहिजे, नाही तर बोटे जातील. रोज तिला दवाखान्यात नेणे मला जमेना. त्या संध्याकाळी सिस्टर आपल्या पिशवीसह दारात उभ्या राहिल्या. मी बोलावले नव्हते.

आईने पाय आत ओढून घेतला. "नको बाई," ती म्हणाली. मला बाजूला घेऊन कुजबुजली, "बाटवाले तं नाही ना आली?" मला लाज वाटली, हसूही आले. सिस्टरच्या कानावर ते गेले असावे. त्यांनी घंगाळात कोमट पाणी ओतले, जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माय, तुमचा देव तुमच्याजवळ राहू द्या. मला फक्त पाय द्या."

आईने पाय दिला. शेणात, चिखलात, रोवणीच्या गाळात साठ वर्षे वावरलेला तो पाय. सिस्टर तो आपल्या मांडीवर घेऊन धूत होत्या आणि आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुखत होते म्हणून नव्हे. आपले पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला माणसाला फार अवघड जाते.

हे दोन महिने चालले. एके दिवशी त्या नेहमीपेक्षा थकलेल्या दिसल्या. मी सहज म्हणालो, "सिस्टर, तुमचं माझ्या आईवर फार प्रेम आहे."

"रोज असतं असं नाही हो गुरुजी," त्या हात पुसत म्हणाल्या. "काही दिवशी मला कंटाळा येतो. तुमच्या आई फार कुरकुर करतात. पण पट्टी रोज बदलावी लागते."

हे वाक्य मी रात्री वहीत लिहून ठेवले. प्रेमावर मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांत असे एकही वाक्य नाही.

मराठीत प्रेमाला शब्द थोडे नाहीत. आई माया करते, पत्राच्या शेवटी आपण लोभ असू द्या म्हणतो, गाईवासरावर जीव लावतो, मित्रावर जीव टाकतो. मराठी बायबलने यासाठी 'प्रीती' हा शब्द घेतला आहे. मूळ ग्रीक शब्द 'अगापे'. तो केवळ मनाच्या ओढीसाठी नाही. दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून मनुष्य जे करायचे ठरवतो आणि करतो, त्याच्यासाठी आहे. हे सिस्टरनीच मला समजावून सांगितले. तोवर मला एक कोडे नेहमी पडे, की प्रेमाची आज्ञा कशी करता येईल? ऊन लागू नकोस अशी आज्ञा करता येत नाही, मग प्रेम कर अशी कशी करायची? पण पट्टी बदल, अशी आज्ञा करता येते. ती पाळताही येते. मन लागले तरी, न लागले तरी. मन पुष्कळदा हातांच्या मागून येते.

ख्रिस्ताने ही आज्ञा केली ती आयुष्याच्या शेवटच्या रात्री. योहानाच्या शुभवर्तमानात ती हकिकत आहे. जेवणाच्या वेळी तो उठला, कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. हे काम त्या काळी चाकराचे. पाय धुतले गेले त्यांत यहूदाही होता. थोड्याच वेळाने तो गुरूला पकडून द्यायला अंधारात निघून गेला. तो गेल्यावर मग उरलेल्यांना ख्रिस्ताने सांगितले, की मी तुमच्यावर केली तशी प्रीती तुम्ही एकमेकांवर करा, तुमची ओळख जगाला यावरूनच पटेल. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाला इंग्रजीत जे नाव आहे, तेही लॅटिनमधल्या 'आज्ञा' या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे, असे म्हणतात.

शत्रूवर प्रेम करा, शेजाऱ्यावर प्रेम करा, हेही ख्रिस्ताने सांगितले आहे आणि जगात त्याचाच गाजावाजा अधिक आहे. मग ही वेगळी आज्ञा कशाला? मला वाटते, शत्रू दूर असतो, त्याला क्षमा करताना माणसाला आपण मोठे झाल्यासारखे वाटते. 'एकमेकां'चे तसे नाही. एकमेकां म्हणजे एकाच पंगतीला बसलेले, एकमेकांचे घोरणे ऐकलेले, एकमेकांची उणीदुणी तोंडपाठ असलेले. त्या बारा जणांत जकात गोळा करणारा मत्तय होता, आणि परक्या सत्तेविरुद्ध पेटलेल्या गटाच्या नावाने ओळखला जाणारा शिमोनही होता. त्या दोघांनी एकमेकांचे पाय धुवायचे होते. पौलाचा प्रीतीवरचा अध्याय आज लग्नात हौसेने वाचतात. तो त्याने लिहिला करिंथ गावातल्या मंडळीला, आणि ती आपसांत भांडत होती. श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब मागून येऊन उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना फटकारले आहे. प्रीतीचा धडा द्यावा लागला तो जिथे ती कमी पडत होती तिथेच.

आईच्या पट्टीच्या त्या दिवसांतच सिस्टरनी मला आपले जुने 'स्मृतिचित्रे' वाचायला दिले. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. पण त्यातली एक गोष्ट वाचताना गोंदियाचा मनुष्य म्हणून मी थांबलो. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली, गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. त्या पुस्तकातल्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आमच्या गोंदियावरूनच जाते. आज ज्या फलाटावर मी चहा पितो, त्याच्या आसपास कुठे तरी ते पुस्तक त्या दिवशी गाडीत होते, या विचाराने मला गंमत वाटली.

टिळकांचे प्रेम मोठे होते, मोकळे होते. घरात येईल त्याला थारा, हातात येईल ते देऊन मोकळे. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना कळते, की नवऱ्याच्या प्रेमाचा भात बायकोला शिजवावा लागतो. डब्यातले पीठ आणि पानावरची माणसे यांचा मेळ लक्ष्मीबाईंनी घालायचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या; परत आल्या तेव्हाही आपले सोवळे सांभाळून, वेगळे शिजवून खात. मग विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले, की जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हेत. त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला त्या बाप्तिस्म्यापेक्षा आधीचा तो दिवस मोठा वाटतो. दुसऱ्याला देणे लक्ष्मीबाईंना ठाऊकच होते; दुसऱ्याच्या हातून घेणे त्या त्या दिवशी शिकल्या.

तसेच मला पंडिता रमाबाईंचे वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने मरू घातलेल्या सुमारे ३०० मुली-बायका घेऊन गेल्या. आमचा भाग त्या वेळी मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. या मुलींपायीच केडगावचे 'मुक्ती' वाढले. तिथे शिवण, विणकाम, शेती, छपाई शिकवत. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्या १९२२ साली गेल्या. त्या मुलींच्या हाताला त्यांनी काम दिले, हे मला फार मोलाचे वाटते. नुसते घेणारा मनुष्य हळूहळू वाकत जातो. त्यालाही काही देता आले पाहिजे.

ख्रिस्ती समाजात ही आज्ञा नेहमी पाळली गेली, असे सिस्टरही म्हणत नाहीत. जातीची आठवण देवळाच्या दारातून आत शिरलीच. गोरे पाद्री आणि देशी ख्रिस्ती यांच्यातले अंतरही टिळकांना सलत होते. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तो भारतीय माणसाला ख्रिस्ताजवळ आपल्या रीतीने बसता यावे म्हणून. सिस्टर एकदा म्हणाल्या, "गुरुजी, आमच्यातही भांडणं आहेत. म्हणून तर ती आज्ञा दर वर्षी वाचावी लागते."

आईची जखम भरून आली. बोटे वाचली. मी एका पाकिटात पैसे घातले आणि सिस्टरकडे गेलो. दोन महिन्यांच्या पट्ट्यांचा हिशेब मी मनाशी नीट केला होता.

त्यांनी पाकिटाकडे पाहिले. रागावल्या नाहीत. "पैसे नकोत," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलाला यायला जमणार नाही. आठ दिवस तुमच्या घरून मला जेवण येईल का? आणि डोळ्यांत औषध कुणी घातलं तर बरं होईल."

मी गोंधळलो. उपकार करणाऱ्या माणसाने उलट काही मागावे, याची मला सवय नव्हती. त्यांनी मात्र ते सहज मागितले, शेजारणीने विरजण मागावे तसे.

आठ दिवस आमच्या घरून डबा गेला, आणि तो घेऊन गेली माझी आई. लंगडत, काठी टेकत. औषधही तीच घालायची. "वर पाहा बाई, डोरा मिटू नोको," असा तिचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू येई. तिसऱ्या दिवशी ती तिथेच चहा पिऊन आली. मी काही विचारले नाही, तिने काही सांगितले नाही.

एका संध्याकाळी मी तिकडे डोकावलो. सिस्टर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून जेवत होत्या. "भात फार गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "कुठला तांदूळ?"

"आमच्या वावरातला," आई म्हणाली. "मोठा पोरगा पाठवते."

आणि मग, कशी बुद्धी झाली कोण जाणे, मी माझ्या हिशेबाची गोष्ट सांगितली. भाव, भाडे, सतरा वर्षे; काहीशा अभिमानानेच सांगितली. आईला हे ठाऊक नव्हते. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"म्हणजे इतकी वर्सं," ती म्हणाली, "माह्या पोरानं माह्या ताटात भात वाढला, अन् तू त्याले पैसे देल्ले?"

सिस्टर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, पाय धुण्याची गोष्ट मी तुम्हाला सांगितली, पण पेत्राची राहिली. प्रभू त्याच्यापुढे बसला तेव्हा त्याने पाय मागे घेतला. म्हणाला, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. त्याला वाटलं, हा नम्रपणा आहे. पण प्रभू त्याला म्हणाला, की असं असेल तर तुझं-माझं नातंच राहणार नाही."

मी घरी येऊन तो अध्याय पुन्हा काढला. आपल्या मराठी बायबलात तिथे 'वाटा' असा शब्द आहे. धुऊ दिले नाही तर वाटा नाही. तो शब्द वाचला आणि मी दिवा मालवून बसून राहिलो. सतरा वर्षे मी ज्या वाट्यासाठी मनात कुढत होतो, तो दर वर्षी माझ्या ओसरीवर येऊन पडत होता. आणि दर वर्षी मी पैसे पाठवून तो परत करीत होतो. वाटा देण्याची दादाची ती रीत होती. त्याला कागद करता येत नव्हता, बोलता येत नव्हते. पोते भरता येत होते.

आणखी एक गोष्ट आठवली. ती मला कधीच ठाऊक नव्हती असे नाही. फक्त माझ्या हिशेबात मी ती धरली नव्हती. मी मॅट्रिक झालो. दादा चौथीत शाळा सोडून बैलांमागे गेला होता. घरातल्या एकाचीच फी भरता येत होती आणि ती माझी भरली गेली. माझ्या शिक्षणाचे दार दादाने दहावीपाशी बंद केले, हे मी आयुष्यभर म्हणत आलो. दहावीपर्यंत ते उघडे कुणी धरले होते, हे मी कधी म्हटले नाही.

आपल्याकडे उपकाराच्या बदल्यात 'उतराई' होण्याची मोठी महती आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु काही ऋणांतून उतराई होण्याची घाई ही ते नाते लवकर मिटवण्याची घाई असते. देणे फिटले, आता तुझा-माझा संबंध नाही, असे आपण पैशाच्या भाषेत बोलत असतो. सिस्टरनी माझे पाकीट नाकारले आणि माझ्या घरचे जेवण मागितले, यात मला त्यांच्या त्या आज्ञेचा सगळा अर्थ दिसतो. 'एकमेकांवर' या शब्दात देणारा आणि घेणारा अशा दोन जाती नाहीत. आज तुझा पाय माझ्या मांडीवर, उद्या माझा डोळा तुझ्या हातात. हिशेब कधी पुरा होत नाही, आणि तो पुरा होऊ नये हेच बरे.

गेल्या वर्षी पोते आले तेव्हा मी बाजारात भाव विचारायला गेलो नाही. एवढेच केले. सांगताना फार थोडे वाटते, पण ते करायला मला आठ दिवस लागले. दोनदा चप्पल पायात घालून पुन्हा काढली. महिनाभराने दादाचा फोन आला. इतक्या वर्षांत त्याने स्वतः होऊन केलेला हा पहिलाच. बराच वेळ तो काही बोलेना. मग म्हणाला, "पैसे नाही आले गा अवंदा. तब्येत बरी हाये ना?"

"बरी आहे," मी म्हणालो. "भात गोड आहे, दादा."

तिकडून नुसते "हं" आले. फोन ठेवताना त्याचा आवाज वेगळा लागला, की मला तसा वाटला, कोण जाणे.

या दिवाळीत आम्ही गावी जाणार आहोत. आई तर मंडईच्या नाटकापर्यंत राहायचे म्हणते. सिस्टरना मी म्हटले, तुम्हीही चला, आमचे गाव पाहा. त्या लगेच "येते" म्हणाल्या. आढेवेढे घेणे त्यांच्या स्वभावात नाही. दादाला काय सांगायचे, याची मी मनाशी पुष्कळ जुळवाजुळव केली आहे. लेखकाला तेवढी सवय असते. पण माझी खात्री आहे, की दारात गेल्यावर वहिनी पाय धुवायला तांब्या पुढे करील आणि ठरवलेले सगळे मी विसरून जाईन. त्या वेळी एवढेच करायचे मी योजले आहे, की तांब्या तिच्या हातून ओढून घ्यायचा नाही. पाय पुढे करायचे.